दोन बोटे खानदेश: ब्लाऊच्या हाताने रंगवलेल्या मोगल नकाशाचे परीक्षण

भूमी अभिलेख खात्यातील ३१ वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून हजारो नकाशे गेले. ते सगळे शेतांचे, शिवेचे आणि गावठाणांचे होते, आणि त्यांतला एकही माझ्या मालकीचा नव्हता. गेल्या मार्गशीर्षात मी पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी एक नकाशा विकत घेतला. ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने सतराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले आणि हाताने रंगवलेले ते एक पान आहे. ‘माग्नी मोगोलिस इंपेरियम’, म्हणजे थोर मोगलाचे साम्राज्य, असे त्याचे लॅटिन शीर्षक आहे. मुंबईतील जुन्या छापील चित्रांच्या एका व्यापाऱ्याने त्याची किंमत ८५,००० रुपये सांगितली होती, आणि पुढे येणाऱ्या एका कारणाने ती अखेर ७४,००० रुपयांवर ठरली. जळगावात निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून चार महिने ते पान रोज सकाळच्या उजेडात पाहिल्यावरच मी हे परीक्षण लिहायला बसलो आहे.

पान सुमारे ३७ सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद आहे. एवढ्या जागेत काबूल-कंदाहारपासून बंगालच्या पलीकडचा प्रदेश आणि काश्मीरपासून दख्खनच्या उत्तर भागापर्यंतचा मुलूख बसवलेला आहे. त्या काळचे युरोपीय प्रवासी ज्याला ‘चांदिस’ म्हणत तो आपला खानदेश, आणि ते ज्याला ‘ब्रामपोर’ म्हणत ते आपले बऱ्हाणपूर. माझी दोन बोटे शेजारी शेजारी ठेवली की सारा खानदेश त्यांच्याखाली झाकला जातो. या दोन बोटांसाठी एवढे पैसे मोजावेत का, हा प्रश्न मला घरातल्यांनी विचारला, आणि जुने नकाशे घेऊ पाहणाऱ्या खानदेशातील कोणालाही तो पडावा. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु ते पानाच्या गुणदोषांसह सांगितले पाहिजे.

प्रथम कारागिरीविषयी, कारण तिच्यात शंका घ्यायला जागा नाही. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर अक्षरे आणि रेघा उलट्या कोरायच्या, कोरलेल्या खाचांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद त्यावर ठेवून रुळांच्या यंत्रातून जोराने दाबून काढायचा, अशी ही छपाईची रीत होती. त्यामुळे शाई कागदावर किंचित उंच बसते; डोळे मिटून बोट हलकेच फिरवले तर शीर्षकाची अक्षरे जाणवतात. चारही बाजूंना पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला आहे, आणि पान उजेडासमोर धरले की कागद बनवण्याच्या साच्यातील तारांच्या समांतर रेषा दिसतात. पाठीमागे फ्रेंच मजकूर छापलेला आहे, मधोमध घडी आहे आणि घडीच्या मागे कागदाची एक अरुंद पट्टी चिकटलेली आहे. हे पान पूर्वी बांधलेल्या ग्रंथात होते याची ही खूण होय. कोरणाऱ्याचा हात इतका स्थिर होता की भिंगाखालीही नदीच्या वळणाची रेघ कोठे तुटत नाही किंवा थरथरत नाही. आमच्या खात्यात टाकाने नकाशे उतरवणारे जुने नकाशेकार मी पाहिले आहेत. त्यांच्यातला सर्वांत कसबी माणूसही हे पान पाहून काही क्षण बोलला नसता.

हे घराणे कसे घडले, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विलेम यान्सझोन ब्लाऊ याचा जन्म १५७१ मधला. घरचा धंदा हेरिंग मासळीचा होता, पण त्याचा ओढा गणिताकडे होता. टायको ब्राहे या खगोलवेत्त्याच्या हवेन बेटावरील वेधशाळेत त्याने १५९५-९६ चा हिवाळा काढला, आणि तेथून परतल्यावर ॲमस्टरडॅममध्ये पृथ्वीगोल, खगोलगोल, वेधयंत्रे आणि नकाशे यांचे दुकान थाटले. दुकानाची निशाणी सोनेरी छायाघड्याळ ही होती. सुरुवातीला तो केवळ यान्सझोन याच नावाने सही करीत असे. शेजारच्याच प्रतिस्पर्ध्याचे नाव यान्सोनियस असल्यामुळे घोटाळा होऊ लागला, तेव्हा १६२१ च्या सुमारास त्याने ब्लाऊ हे नाव लावायला सुरुवात केली. १६३३ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला नकाशाकार नेमले. १६३७ मध्ये ब्लुमग्राख्त या कालव्याकाठी त्याने नवा छापखाना उभारला. तेथे अक्षरछपाईची नऊ यंत्रे होती, त्यांना नऊ ग्रीक कलादेवतांची नावे दिलेली होती, आणि तांब्याच्या पत्र्यांसाठी सहा यंत्रे वेगळी होती. १६३८ मध्ये विलेम वारला आणि कारभार योआन या मुलाकडे आला. मोगल साम्राज्याचा हा नकाशा १६३८ च्या सुमारास, म्हणजे नेमका बापलेकांच्या या सांध्यावर, प्रथम प्रसिद्ध झाला. पुढे योआनने १६६२ पासून काढलेल्या ‘ॲटलास मायोर’ या अनेक खंडी नकाशासंग्रहामुळे घराण्याची कीर्ती शिखरावर पोहोचली, आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये छापखान्याला लागलेल्या आगीने तिचा शेवट जवळ आणला. १६७३ च्या अखेरीस योआनही गेला.

ब्लाऊ बापलेकांपैकी कोणीही हिंदुस्थानात आले नाही. विकत घेणाऱ्याने ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, म्हणजे नकाशाकडून भलती अपेक्षा राहणार नाही. कंपनीचा नकाशाकार म्हणून विलेमच्या हाती आशियाच्या किनाऱ्यांचे हस्तलिखित नकाशे होते, परंतु ते गुप्त असत आणि त्याने शपथेने ते गुप्त ठेवायचे होते. देशाच्या आतील भागासाठी त्याने इंग्रजांचा छापील नकाशा वापरला. तो नकाशा १६१९ मध्ये लंडनमध्ये निघाला होता. त्याची माहिती जहांगिराच्या दरबारी आलेला इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याची होती, तो आखला विल्यम बॅफिन या खलाशाने आणि कोरला रेनल्ड एल्स्ट्रॅक याने. उत्तर ध्रुवाकडील ज्या उपसागराला आज बॅफिनचे नाव आहे, तोच हा बॅफिन. १६१५ मध्ये त्याने समुद्रावर चंद्राच्या वेधावरून रेखांश काढण्याचा प्रयत्न केला होता. १६१९ मध्ये रोला घेऊन परतलेल्या जहाजावर तो नोकरीला होता, आणि १६२२ मध्ये इराणच्या आखातातील किश्म बेटाच्या वेढ्यात तो मारला गेला. आपल्या बऱ्हाणपूरचे युरोपीय कागदावरचे ठिकाण अशा माणसाने निश्चित केले, हे वाचून मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही.

रोचा संबंध तर थेट आपल्या मातीशी येतो. सप्टेंबर १६१५ मध्ये तो सुरतेला उतरला, ऑक्टोबरच्या शेवटी तेथून निघाला आणि साधारण पंधरवड्यात, १४ नोव्हेंबरला, बऱ्हाणपूरला पोहोचला. तेथे शाहजादा परवेझचा मुक्काम होता. शाहजाद्याचा आणि आणखी मोजक्या बड्या लोकांचे वाडे सोडले तर गावात मातीची घरेच आहेत, असे त्याने लिहून ठेवले. नजराण्यात दिलेल्या मद्याच्या पेटीमुळे शाहजादा ठरलेल्या भेटीस येण्याच्या स्थितीत उरला नाही, हेही त्यानेच नोंदवले आहे. पुढे तो तापाने आजारी पडला आणि त्याच अवस्थेत अजमेरच्या वाटेला लागला. फारुकी सुलतानांची राजधानी असलेले बऱ्हाणपूर तेव्हा मोगलांकडे येऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली होती; अकबराने १६०१ च्या जानेवारीत अशीरगड घेतला आणि शाहजादा दानियाल याच्या नावावरून खानदेश सुभ्याला काही काळ ‘दानदेश’ असेही म्हटले गेले.

सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी वाट त्याआधी पाच वर्षे, १६१० मध्ये, विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने गावोगावच्या अंतरांसह लिहून ठेवली होती. नंदुरबार, निमगुळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, यावल, रावेर: नावे मोडतोड होऊन आली असली तरी आपल्याकडच्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. थाळनेरची वाट चोरांची आहे, गाव मात्र चांगले आहे, किल्ला आहे, आणि पावसाळ्यात नदी नावेवाचून उतरता येत नाही, असे तो म्हणतो. चोपडा, यावल आणि रावेरवरून बऱ्हाणपूरला जाणारा रस्ता आजही त्याच दिशेने जातो आणि त्यावरून आपल्या एस.टी. धावतात.

ही वाट मनात ठेवून मी नकाशातील त्या दोन बोटांकडे पाहिले, तेव्हा त्याचा मुख्य दोष आणि त्याचे मोल या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कळल्या. या नकाशाला खानदेश ठाऊक आहे तो वाट म्हणून. भूमी म्हणून नाही. बऱ्हाणपूर आहे, समुद्राकडे जाणारी नदी आहे, सुरत आहे. परंतु गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर यांची नावे या पानावर नाहीत. सातपुडा आणि सातमाळा यांना वेगळे करील असे काही नाही. टेकड्यांचे ठरावीक ठसे ठिकठिकाणी उमटवलेले आहेत. वाटेवरून जाणाऱ्या माणसाला उजवी-डावीकडे जितके दिसले आणि जितके विचारून कळले, तितकेच कागदावर आले. माझी आई ८९ वर्षांची आहे. घरात नकाशा आल्यावर तिने चष्मा पुसला आणि विचारले, “यामा आपलं गाव कोठे शे?” तिचे माहेर बोरीच्या काठचे. मी तिला तापी दाखवली, आणि बोरी ज्या बाजूने येऊन तिला मिळते तिथे काठीच्या टोकाने खूण केली. तिथे कोरा कागद होता.

मोजणीच्या दृष्टीने पाहता अशा नकाशाची मर्यादा मला चांगली कळते. एका ओळीने मोजणीची साखळी टाकत पुढे गेले आणि परत येऊन मूळ खुणेला मिळवले नाही, तर आमच्या कामात ती मोजणी कच्ची धरली जाते, कारण वाटेत साचत गेलेली चूक पकडायला काही साधन राहत नाही. रोच्या लोकांकडे साखळी नव्हतीच; मुक्कामामुक्कामातील कोस आणि दिशेचा अंदाज एवढ्यावर त्यांचे काम होते. अक्षांश सूर्याच्या वेधाने बऱ्यापैकी काढता येत असे, पण भूमीवर चालताना रेखांश काढण्याची विश्वसनीय रीत तेव्हा कोणाजवळही नव्हती. म्हणून या पानावरील उत्तर-दक्षिण स्थान आणि पूर्व-पश्चिम अंतर यांना सारखेच प्रमाण मानू नये. तरीही एका बाबतीत त्याने जुन्या नकाशांची मोठी चूक सुधारली. सिंधू नदी खंबायतच्या आखातापाशी समुद्राला मिळते, असे युरोपातले आधीचे नकाशे दाखवत. ती त्याच्या बरीच पश्चिमेला, सिंधमध्ये, समुद्राला मिळते हे रोने चौकशी करून मुद्दाम कळवले होते. आपल्या डोळ्यांनी न पाहिलेल्या नदीविषयी लोकांना नीट विचारून मिळवलेली माहितीही मोजणीइतकीच मोलाची असू शकते, हे मला त्यावरून जाणवले.

खानदेशच्या भूमीवर खरी साखळी आली ती इंग्रजी अमलात, आणि ती सारा ठरवण्यासाठी आली. ३३ फुटांची शंकू साखळी, तिचे १६ आणे, आणि तिच्या एका चौरसाचा एक गुंठा, हे मोजमाप मी शिकलो ते त्याच परंपरेतून. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर आणि एरंडोल भागातील शेतकऱ्यांनी या मोजणीला उघड विरोध केला, कारण मोजणीमागून सारा वाढेल अशी त्यांना भीती होती, आणि सरकारने तो विरोध फौजेच्या बळावर मोडला. माझ्या खात्याच्या पूर्वसूरींची ही गोष्ट आहे; ती मी नोकरीत असतानाही विसरलो नाही. ब्लाऊच्या पानावर कोणाचे शेत नाही, कोणाचा बांध नाही, कोणाकडून काही वसूल करायचे नाही. ज्या भागात त्याचे अज्ञान आहे तो भाग त्याने बहुतेक कोरा सोडला. तेथे काल्पनिक गावे भरली नाहीत, म्हणून त्या अज्ञानाबद्दल मला त्याचा राग येत नाही.

आता रंगांकडे वळतो, कारण घेणाऱ्याची फसगत प्रामुख्याने तेथेच होते. छपाई काळ्या शाईत होत असे आणि रंग नंतर हाताने भरला जाई. हॉलंडात हा एक स्वतंत्र व्यवसाय होता आणि तो करणाऱ्याला ‘अफझेटर’ म्हणत. ‘ॲटलास मायोर’च्या फ्रेंच आवृत्तीची बिनरंगाची प्रत ३५० गिल्डरांना (गिल्डर हे तेथले चलन) आणि रंगीत प्रत ४५० गिल्डरांना विकली जात असे, म्हणजे रंगकामाला केवढी किंमत होती ते कळते. रंग डिंकाच्या पाण्यात कालवत. शेंदूर, जंगाल, किरमिजी आणि निळे रंग ठरलेले असत. हद्दीच्या रेघेवर दाट रंगाची ओळ आणि आत फिकट हात, अशी पद्धत होती. प्रदेश एकमेकांपासून वेगळे ओळखू यावेत एवढ्यापुरता नकाशाच्या अंगावर रंग, आणि शीर्षकाच्या चौकटीत, माणसांच्या वस्त्रांवर व हत्तींवर मात्र भरगच्च रंग, असा त्या घराण्याच्या पानांचा सर्वसाधारण थाट असतो.

जुना रंग ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे जंगाल. तांब्यापासून बनणारा हा हिरवा रंग काळाच्या ओघात कागद खातो. पान उलटे केले की हिरव्या रेघेच्या मागे तपकिरी रेघ उमटलेली दिसते, आणि फार जाड लावलेला असेल तर कागद तेथे भेगाळतो. माझ्या पानावर हद्दीच्या हिरव्या रेघांमागे अशी तपकिरी सावली स्पष्ट आहे. ती कोठे गडद आहे तर कोठे नुसती जाणवण्याइतकी आहे, जशी हाताने लावलेल्या रंगाची असायला हवी. शेंदराच्या रेघा काही ठिकाणी काळवंडल्या आहेत, तेही त्या रंगाच्या स्वभावाला धरून आहे. म्हणजे हद्दींचा रंग जुना आहे याविषयी माझ्या मनात संशय नाही.

शीर्षकाच्या चौकटीविषयी मात्र मला पहिल्याच आठवड्यात शंका आली. तेथील गुलाबी आणि निळा रंग उर्वरित पानाच्या मानाने फारच टवटवीत होता, आणि मागच्या बाजूला त्याची खूणही नव्हती. एवढ्यावर निर्णय देणे योग्य नव्हते, कारण काही रंग मुळातच मागे उतरत नाहीत. मी दहा पटींचे भिंग घेऊन कडेपासून आत पाहत गेलो. समासातून चौकटीत शिरलेली एक फाट जुन्या काळी मागून कागद लावून सांधलेली आहे. त्या सांध्यात पुढच्या बाजूला कागदाचे नवे तंतू वर आले आहेत, आणि गुलाबी रंग त्या तंतूंवरून सरळ पुढे गेलेला आहे. फाटण्याआधी लावलेला रंग फाटेच्या दोन्ही कडांशी तुटला असता. तो सांध्यावरून वाहिला, म्हणजे दुरुस्तीनंतर लावला गेला. व्यापाऱ्याच्या वर्णनपत्रात ‘संपूर्ण मूळ रंग’ असे शब्द होते, ते या चौकटीपुरते खरे नव्हते.

मी त्यांना भिंगातून घेतलेली छायाचित्रे पाठवली आणि दोन दिवसांनी पान घेऊन स्वतः मुंबईला गेलो. त्यांनी माझ्यासमोर पान उलटसुलट पाहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “साहेब, हे माझ्या नजरेतून सुटलं. पान परत घ्यायचं असेल तर पूर्ण पैसे देतो. ठेवायचं असेल तर किंमत आपण ठरवा.” मी ११,००० रुपये कमी करायला सांगितले. त्यांनी त्याच वेळी नवी पावती करून तिच्यावर ‘हद्दींचा रंग जुना, शीर्षकाच्या चौकटीचा रंग नंतरचा, एक दुरुस्त केलेली फाट’ असे लिहून सही केली. सेवेबद्दल माझी तक्रार एवढीच की असा शोध लावण्याचे काम ग्राहकावर येऊ नये. पण चूक दाखवल्यावर तिला सामोरे जाण्याची त्यांची रीत उत्तम होती. ज्यांना असे पान घ्यायचे आहे त्यांनी वर्णनपत्रातील रंगाविषयीचे वाक्य तोंडी न ठेवता पावतीवर लिहून घ्यावे, आणि पान फ्रेममधून बाहेर काढून मागची बाजू पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ऑफसेटवर छापलेली नक्कल तर साध्या भिंगाखालीच ओळखू येते, कारण तिच्या रंगांत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. खऱ्या पानात रंग सलग असतो आणि काळी रेघ त्याखालून स्वच्छ दिसते.

नंतरचा रंग असला म्हणून पान टाकाऊ ठरत नाही. चौकटीचा हा हात कोणाचाही असो, तो कुशल आहे, आणि भिंतीवरच्या पानाकडे चार पावलांवरून पाहणाऱ्याला तो खटकत नाही. माझ्या डोळ्यांना तो खटकतो, कारण हद्दींवरचा तपकिरी झालेला हिरवा आणि चौकटीतला कोवळा गुलाबी यांच्यातले वयाचे अंतर मला आता नेहमीच दिसते. ज्याला शोभेसाठी पान हवे त्याने असे पान आनंदाने घ्यावे आणि किंमत त्याप्रमाणे द्यावी. ज्याला अभ्यासासाठी हवे त्याने तर बिनरंगाचे पान शोधावे. ते बहुधा स्वस्त मिळते आणि त्यावर अक्षरे अधिक स्वच्छ वाचता येतात.

पानाला लाकडी चौकट, म्हणजे फ्रेम, बसवण्याचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. शहरातील पहिल्या फ्रेमवाल्याने पान प्लायवूडवर डिंकाने पक्के चिकटवायचे सुचवले, म्हणजे ते सपाट राहील. पावणेचारशे वर्षे टिकलेला कागद अशाने एका दुपारी कायमचा नासला असता, म्हणून मी तेथून उठलो. अखेर नाशिकच्या एका कारागिराकडून आम्लरहित पुठ्ठ्याचे माउंट करून घेतले. पान वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, नुसते टांगलेले आहे, बाकी तीन बाजू मोकळ्या आहेत, आणि काच अतिनील किरण अडवणारी आहे. पान आणि काच यांत माउंटच्या जाडीइतके अंतर आहे. या कामाला ६,५०० रुपये लागले आणि ते मी या व्यवहारातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे मानतो. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि आषाढात भिंती ओलावतात, तेव्हा पश्चिमेच्या किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर असा कागद लावू नये. माझे पान आतल्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर आहे, मागे दोन बोटे हवा खेळायला जागा आहे, आणि कसर लागू नये म्हणून दर महिन्याला मी चौकटीची मागची बाजू कोरड्या कपड्याने पुसून पाहतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. परदेशातून असे पान मागवण्याचा विचार असेल तर आयातीचे शुल्क आधी विचारून घ्यावे, आणि हेही लक्षात ठेवावे की प्राचीन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यामुळे जुना ऐतिहासिक ऐवज एकदा देशात आल्यावर पुन्हा बाहेर विकायला पाठवणे सामान्य माणसाच्या हातात राहत नाही. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी यावर विचार करावा. मी तसा विचार केला नव्हता आणि आजही करीत नाही.

पैसे खर्च करण्याआधी ब्लाऊची पाने नीट पाहायची असतील तर युरोप-अमेरिकेतील मोठ्या ग्रंथालयांनी त्यांच्या उत्तम प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या आहेत; संगणकावर त्या इतक्या मोठ्या करता येतात की भिंगाची गरज पडत नाही. मीही आधी महिनाभर त्याच पाहिल्या. आणि ज्यांना खानदेशाची भूमी हवी आहे, वाट नव्हे, त्यांनी या पानाच्या नादी न लागता एकोणिसाव्या शतकातील मोजणीचे नकाशे पाहावेत. त्यांत आपल्या उपनद्या नावानिशी भेटतात, ओढे भेटतात, आणि आठ इंचाला एक मैल या प्रमाणाच्या गाव नकाशावर तर पायवाट आणि विहीरही सापडते. आपल्या गावाच्या अशा नकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मिळते आणि तिला फारसा खर्च येत नाही. आईच्या माहेरच्या गावाची नक्कल मी मागवली आहे; ती ब्लाऊच्या पानाखाली लावायचा विचार आहे, म्हणजे तिला बोटाने दाखवायला काही तरी राहील.

माझ्या प्रतीविषयी एक काम अजून बाकी आहे. मागचा फ्रेंच मजकूर आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यातील खुणेचे अक्षर यांवरून ती कोणत्या आवृत्तीतली आहे ते ठरवता येते, आणि कागदातील जलचिन्हानेही त्याला आधार मिळतो. व्यापाऱ्याने ‘१६४० चे दशक’ असे म्हटले आहे. चौकट बसवण्याच्या घाईत मी मजकुराची छायाचित्रे घेतली, पण जलचिन्ह उजेडावर धरून उतरवून घ्यायचे राहिले. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की त्याच कारागिराकडे चौकट उघडून ते काम करायचे ठरले आहे.